थंडीत हायब्रिड गाडी पेट्रोल जास्त का पिते?

बोळिंजमध्ये थंडी ती कसली! डिसेंबर-जानेवारीत पहाटे शाल घ्यावी लागते, अर्नाळ्याकडून येणारा वारा जरा बोचतो आणि नऊच्या सुमारास ऊन चढले की सारे विसरायला होते. तरीही थंडीत गाडीचे ॲव्हरेज का उतरते, हा प्रश्न आता आपल्या घराघरांत विचारला जाऊ लागला आहे.

याला कारणे दोन. पहिले असे की, म्हाडाच्या इमारतींत आणि नव्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी घरासाठी घेतली, कुणी टुरिस्ट परवान्यावर चालवतो. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून आणि बँकेचे हप्ते डोक्यावर घेऊन ही गाडी घेतली जाते, ती केवळ पेट्रोल वाचावे म्हणून. तेच वाचले नाही तर हप्ता जड जातो. दुसरे कारण असे की, आपल्या मुली-मुले शिकून कॅनडात, अमेरिकेत, युरोपात नोकरीला लागली आहेत. तिथे बर्फात तीच हायब्रिड गाडी चालवावी लागते. नातवंडे सांभाळायला गेलेले आई-वडीलही त्याच गाडीत बसतात. म्हणून हा विषय आम्ही या अंकात थोडा सविस्तर घेत आहोत.

हायब्रिड म्हणजे नेमके काय?

हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. ब्रेक दाबला की चाकांच्या गतीपासून वीज तयार होते आणि ती बॅटरीत साठते. सिग्नलला इंजिन बंद होते, गर्दीत गाडी मोटरवर हळूहळू सरकते, वेग वाढला की इंजिन कामाला लागते. बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही. बाजारात ‘माइल्ड हायब्रिड’ नावानेही गाड्या मिळतात. त्यांची छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. या लेखात आम्ही बोलतो आहोत ते ‘स्ट्राँग हायब्रिड’बद्दल, म्हणजे जी गाडी काही अंतर नुसत्या विजेवर चालू शकते तिच्याबद्दल.

अशी पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली गाडी म्हणजे टोयोटाची प्रियस. ती जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये बाजारात आली. भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणि प्रियस २०१० मध्ये आली, परंतु त्या सामान्य माणसाच्या खिशाबाहेरच्या होत्या. मध्यमवर्गाच्या आवाक्यात हा प्रकार खऱ्या अर्थाने आला तो २०२२ साली. होंडा सिटी, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस या गाड्या एकापाठोपाठ एक जाहीर झाल्या. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचे जाहीर ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर आणि हायक्रॉसचे २३.२४ किलोमीटर सांगितले गेले.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही चाचणी ठरावीक तापमानाच्या बंद खोलीत, गाडी रोलरवर उभी करून, आखून दिलेल्या वेगाने घेतली जाते. अशा चाचण्या करणारी आपल्याकडची मोठी संस्था म्हणजे १९६६ साली पुण्यात स्थापन झालेली एआरएआय. त्या खोलीत ना कसारा घाट असतो, ना विरार फाट्याची कोंडी, ना पहाटेचा गारठा. म्हणून जाहिरातीतला आकडा आणि आपल्या गाडीचा आकडा यांत फरक पडणारच.

थंडीत काय बिघडते?

बिघडत काहीच नाही. गाडी आपल्या नियमानेच वागते. मात्र थंडीत तिच्यावर चार-पाच भार एकदम पडतात.

पहिला भार इंजिनाचा. थंड इंजिनात ऑइल जाड असते आणि पेट्रोलची नीट वाफ होत नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा जो भाग असतो, तोही तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून गाडीचा संगणक ठरवतो की, इंजिन पुरेसे तापेपर्यंत ते बंद करायचे नाही. म्हणजे सिग्नलला इंजिन बंद होणे आणि गर्दीत मोटरवर सरकणे, ज्यासाठी आपण जास्त पैसे मोजले, ते सुरुवातीची काही मिनिटे मिळतच नाही.

दुसरा भार हीटरचा. आपल्या गाडीतली ऊब ही इंजिनाची वाया जाणारी उष्णता असते. इंजिनाभोवती फिरणारे गरम कूलंट हीटरमध्ये येते आणि पंखा ती ऊब आत ढकलतो. आता गंमत अशी की, हायब्रिडचे इंजिन मुळातच काटकसरी, त्यामुळे त्याच्याकडे वाया घालवायला उष्णता कमी. त्यातून ते मधूनमधून बंद पडते आणि थंड होते. मग हीटरला ऊब पुरवण्यासाठी संगणक इंजिन पुन्हा सुरू करतो. गाडी जागेवर उभी असली तरी ते सुरू होते.

तिसरा भार बॅटरीचा. बॅटरी हा रसायनांचा खेळ आहे आणि गारठ्यात रसायने मंदावतात. गार बॅटरी वीज देते कमी आणि ब्रेकमधून येणारी वीज घेतेही कमी. चौथा भार हवेचा. थंड हवा दाट असते. २५ अंशांच्या मानाने उणे ७ अंशांना हवा सुमारे १२ टक्के दाट होते, आणि हायवेच्या वेगात गाडीला ती चिरून पुढे जावे लागते. पाचवा भार टायरचा. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयने कमी होते.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने याचे मोजमाप जाहीर केले आहे. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमध्ये, २५ अंश सेल्सिअसच्या मानाने उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज सुमारे १५ टक्क्यांनी उतरते. फेरी अगदीच छोटी, पाच-सहा किलोमीटरची असली तर ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. हायब्रिडमध्ये मात्र ती ३० ते ३४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

हा आकडा वाचून कुणी घाबरून जाऊ नये, आणि ‘हायब्रिड फसवी असते’ असा निष्कर्षही काढू नये. आपण साधे गणित करून पाहू. समजा, एक हायब्रिड एरवी लिटरला २० किलोमीटर देते आणि तेवढीच मोठी पेट्रोल गाडी १४ देते. कडाक्याच्या थंडीत हायब्रिड ३० टक्क्यांनी घसरून १४ वर आली आणि पेट्रोल गाडी १५ टक्क्यांनी घसरून १२ च्या आत आली. म्हणजे हायब्रिड तरीही पुढेच आहे. मात्र तिची आघाडी ६ किलोमीटरवरून २ किलोमीटरवर आली. जी बचत आपण गृहीत धरली होती, तिचा मोठा भाग थंडीने खाल्ला. हजार किलोमीटरला पूर्वी ५० लिटर लागत होते, आता ७१ लिटर लागतात. २१ लिटर पेट्रोल म्हणजे गृहिणीच्या हिशोबात लहान रक्कम नव्हे.

बोळिंजकरांनी काय करावे?

आपल्याकडे उणे तापमान नाही. त्यामुळे आपली घट त्या मानाने थोडी असते. परंतु आपल्याकडे छोट्या फेऱ्या भरपूर आहेत. सकाळी मुलाला शाळेत सोडणे, मग घरी येणे, तासाभराने कुणाला विरार स्टेशनला पोहोचवणे, पुन्हा घर, दुपारी बाजार. प्रत्येक फेरी दोन-तीन किलोमीटरची. इंजिन तापते न तापते तोच गाडी बंद होते, आणि पुढच्या फेरीला पुन्हा थंड्यापासून सुरुवात. बोळिंजमध्ये खरा तोटा थंडीपेक्षा या तुटक फेऱ्यांचा आहे. म्हणून सर्वांत मोठा उपाय बिनपैशाचा आहे. शाळा, स्टेशन आणि बाजार एकाच फेरीत बसवावेत. त्यातही लांबचे काम आधी उरकावे, म्हणजे इंजिन एकदा नीट तापते आणि पुढची छोटी कामे गरम इंजिनावर होतात. जे चालत जाण्यासारखे आहे तिथे चालत जावे. शरीरालाही ते बरे.

दुसरी गोष्ट, सकाळी गाडी जागेवर उभी ठेवून तापवत बसू नये. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना चोक ओढून तापवावे लागे, म्हणून वडीलधारी माणसे अजूनही तसेच सांगतात. त्या काळी ते बरोबर होते. आजच्या इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुष्कळ झाला. पहिला किलोमीटर-दोन किलोमीटर ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबून चालवली की ती चालता चालताच लवकर तापते. पूर्वापार चालत आले म्हणून एखादी गोष्ट खरी मानण्यापेक्षा ती तपासून पाहावी, हे गाडीलाही लागू आहे.

तिसरी गोष्ट गॅरेजची. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडच्या काही मेकॅनिकना होती आणि अजूनही आहे. इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणे हे या छोट्या झडपेचे काम. ती काढली की इंजिन लवकर तापतच नाही. हायब्रिडमध्ये याचा अर्थ असा की, इंजिन सारखे चालू राहते आणि मोटरचा लाभ निघून जातो. तेव्हा थर्मोस्टॅटला हात लावू देऊ नये, बिघडला तर नवा बसवावा. कूलंटच्या जागी नळाचे पाणीही घालू नये. त्याने आत गंज धरतो.

चौथी गोष्ट ऑइलची. ऑइलच्या डब्यावर शून्य-डब्ल्यू-सोळा, शून्य-डब्ल्यू-वीस असे लिहिलेले असते. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. ‘जाड ऑइल टाका, इंजिन टिकेल’ असे कुणी सांगितले तरी गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच टाकावे. पुस्तिका इंग्रजीत असते म्हणून ती डिकीत पडून राहते. घरातल्या शिकत्या मुलीला किंवा मुलाला बसवून ती एकदा वाचून घ्यावी.

पाचवी गोष्ट बॅटरीच्या श्वासाची. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी आतल्या हवेनेच थंड होते आणि त्यासाठी मागच्या सीटजवळ जाळी असते. तिच्यावर पिशव्या, चादरी, खेळणी ठेवू नयेत. जाळीची धूळ काढत जावी. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा बॅटरीला अधिक त्रास देतो, म्हणून ही काळजी बारमाही आहे.

आणखी एक बाब. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि गारठ्यात त्याची वाफ लवकर होत नाही. ब्राझीलमध्ये इथेनॉलच्या गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी देत असत, ती याच कारणाने. म्हणून जुन्या वर्षाचे आणि या वर्षाचे ॲव्हरेज ताडून पाहताना सगळा दोष थंडीच्या किंवा ड्रायव्हरच्या माथी मारू नये.

नाशिकच्या वाटेवर

खरी थंडी अनुभवायची तर बोळिंजहून फार लांब जावे लागत नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हारला हिवाळ्यात गारठा असतो. इगतपुरी-नाशिककडे तो वाढतो आणि निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून तिकडचे जाणे-येणेही वाढले आहे.

अशा प्रवासाआधी टायर पाहावेत. समजा, बोळिंजला दुपारी ३२ अंशांच्या उन्हात हवा ३३ भरली. दुसऱ्या दिवशी पहाटे इगतपुरीला १० अंश तापमान असेल, तर तीच हवा २९ दाखवेल. टायर पंक्चर नाही, थंडीने हवा आकसली आहे. ॲव्हरेजवर याचा परिणाम एखाद्या टक्क्याचाच होतो, परंतु टायरची झीज आणि ब्रेकची पकड या दृष्टीने ते बरे नाही. हवा नेहमी सकाळी, गाडी चालवण्याआधी, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे भरावी. परत उन्हात आल्यावर पुन्हा तपासावी.

घाट उतरताना हायब्रिडला फुकट वीज मिळते, पण तिलाही मर्यादा आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी १०० मीटर उतार उतरली की सुमारे ०.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. ग्रँड विटारासारख्या गाडीची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची. म्हणजे लांब घाटात ती मध्येच भरून जाते, आणि पुढे सगळा भार ब्रेकवर येतो. अशा वेळी गिअरचा ‘बी’ हा पर्याय असेल तर तो वापरावा. त्यात इंजिन गाडीला रोखून धरते आणि ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याचा प्रकार तर कधीच करू नये. हायब्रिडमध्ये त्याने बॅटरी भरतही नाही आणि गाडी हातातून जाण्याचा धोका राहतो.

परदेशातील लेकरांसाठी

टोरांटोला किंवा मिनेसोटाला हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जाणे ही नित्याची गोष्ट आहे. तिथे राहणाऱ्या मुलांसाठी काही उपाय वेगळे आहेत. शक्य असल्यास गाडी छताखाली ठेवावी. त्या देशांत इंजिनाला बसवायचा विजेचा हीटर मिळतो. निघण्याआधी दोन-एक तास तो घरच्या प्लगला लावून ठेवला की इंजिन कोमट होते आणि पहिल्या मिनिटापासून कमी पेट्रोल लागते. सीट व स्टिअरिंग गरम करण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी. तिला थोडी वीज पुरते, उलट गाडीभर हवा गरम करायला इंजिन सुरू ठेवावे लागते. हीटरचे तापमान दोन-तीन अंश कमी ठेवले तरी फरक पडतो. टपावरचा बर्फ झाडून मगच निघावे. त्याचे वजन गाडी ओढते आणि तो मागच्या गाडीवर पडला तर अपघात होतो.

काही हौशी मालक हिवाळ्यात गाडीच्या पुढच्या जाळीचा काही भाग झाकतात, म्हणजे गार वारा इंजिनावर येत नाही. कडाक्याच्या थंडीत याचा उपयोग होतो. परंतु ऊन पडल्यावर झाकण काढायचे राहिले तर इंजिन तापून मोठा खर्च उभा राहतो. काही नव्या गाड्यांत अशी झडप कंपनीच बसवते आणि ती आपोआप उघडते-मिटते. कारखान्यांनीही या प्रश्नावर डोके चालवले आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये गरम कूलंट साठवून ठेवणारा एक थर्मासच बसवला होता. पुढच्या पिढीत सायलेन्सरमधून वाया जाणारी उष्णता कूलंटला देण्याची सोय केली गेली.

लहान मुलांना गाडीत बसवताना जाड फुगीर कोट घालून सीटचा पट्टा लावू नये. कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टा अंगाशी नीट लावावा आणि वरून पांघरूण घालावे. मूल उबदार राहिले की हीटर कमी ठेवता येतो.

पेट्रोलपेक्षा जीव मोलाचा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हायब्रिड गाडी उभी असताना मुकी असते. गाडी बंद झाली असे वाटते, परंतु बटण चालूच राहिले तर बॅटरी उतरल्यावर किंवा हीटरसाठी इंजिन आपोआप सुरू होते. गॅरेज बंद असेल आणि ते घराला लागून असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरतो. त्याला ना वास, ना रंग. अमेरिकेत बटणाच्या गाड्या अशा चालू राहिल्याने माणसे झोपेतच दगावली आहेत. तेव्हा गाडीतून उतरताना डॅशबोर्डवरचे दिवे विझले का ते पाहावे, बंद गॅरेजमध्ये गाडी कधीही तापवू नये आणि घरात या वायूची सूचना देणारा अलार्म बसवावा. तिकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांनाही हे समजावून सांगावे, कारण दुपारी घरात एकटी असतात ती तीच.

आपल्याकडेही हा धोका आहे. लग्नाच्या वऱ्हाडासोबत गेलेला किंवा रात्रीचे भाडे घेऊन घाटावर थांबलेला ड्रायव्हर गारठ्यात काचा लावून, गाडी चालू ठेवून आत झोपतो. हे करू नये. गाडी बंद करावी, काच थोडी खाली ठेवावी आणि अंगावर चांगले ब्लँकेट घ्यावे. ब्लँकेटला पेट्रोल लागत नाही. ड्रायव्हर नेणाऱ्या पाहुण्यांनीही त्याच्या झोपण्याची सोय केली का, एवढे विचारावे.

नवे काम, नवी संधी

या गाड्यांना जाणकार हात लागणार आहेत. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे नव्या कारखान्यासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकबरोबरच इलेक्ट्रिक गाड्यांच्या मेकॅनिकचाही अभ्यासक्रम आला आहे. दहावी-बारावी झालेल्या मुलांनी, आणि मुलींनीही, त्याची चौकशी जरूर करावी. मात्र हायब्रिडच्या नारिंगी रंगाच्या जाड वायर उच्च दाबाच्या असतात. प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना कुणीही हात लावू नये.

वही घाला, हिशोब ठेवा

शेवटी एक साधे काम. गाडीत एक वही ठेवावी. टाकी फुल करताना किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करताना किती लिटर बसले आणि किती किलोमीटर झाले ते लिहून भागाकार करावा. शेजारी महिना, एसी वापरला की हीटर, फेऱ्या छोट्या की लांबच्या, एवढे टिपून ठेवावे. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाचा असतो, टाकीचा हिशोब पक्का असतो. वर्षभराने ती वही उघडली की थंडीने किती नेले, उन्हाळ्याच्या एसीने किती नेले आणि आपल्या पायाच्या घाईने किती नेले, हे घरातल्या सातवीतल्या मुलालाही सांगता येईल. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. शाळेतला भागाकार आणि शेकडेवारी घराच्या उपयोगी पडते, हे त्यांना त्यातून कळेल.